महाल, वस्तुसंग्रहालय आणि वस्तूचा पत्ता

(बी. ए. द्वितीय वर्ष, इतिहास)

आपल्याकडील जुनी माणसे वस्तुसंग्रहालयाला ‘अजबखाना’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यात एक अडचण आहे. अजब वस्तू पाहावी, तोंडात बोट घालावे आणि बाहेर पडावे, एवढेच त्या शब्दातून सुचते. जुना महाल पाहतानाही आपले असेच होते. ‘केवढा मोठा होता!’ असे म्हणून आपण जिना उतरतो. आमच्या इतिहास विभागाच्या दोन अभ्याससहलींत मराठवाड्यातील काही महाल व वस्तुसंग्रहालये मला पाहावयास मिळाली. त्यानंतर ग्रंथालयात बसून इटलीतील नेपल्स शहर व त्याच्या परिसरातील राजवाडे आणि संग्रहालये यांविषयी वाचले. या पाहण्यातून आणि वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही वस्तूइतकाच तिचा पत्ता मोलाचा असतो. ती कोठे होती, कोणाच्या हातची होती आणि येथवर कशी आली, हे हरवले की वस्तू उरते, पण इतिहास जातो.

रिकामे महाल

पहिल्या सहलीत आम्ही छत्रपती संभाजीनगर व दौलताबाद पाहिले. दौलताबादच्या किल्ल्यात ‘चिनी महाल’ नावाची इमारत आहे. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला कैद करून येथे ठेवले. त्याचे उरलेले आयुष्य याच किल्ल्यात गेले. इमारतीला नाव पडले ते तिच्या भिंतीवरील चिनी मातीच्या रंगीत फरशांवरून. आज त्यांतील थोडेच तुकडे भिंतीला चिकटून आहेत. बाकी जागी चुना आणि दगड. आमच्यापैकी अनेकींना प्रथम ते तुकडे दिसलेच नाहीत. सरांनी बोट दाखविल्यावर निळा रंग दिसला, आणि मग मनाने उरलेली भिंत भरून काढावी लागली.

शहरात नौखंडा महालाची गोष्ट निराळी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे गाव वसविले आणि त्यानंतर काही वर्षांतच हा महाल बांधला. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, राज्ये बदलली, महालाचा बराच भाग नाहीसा झाला. त्या परिसरात आज मुलींचे महाविद्यालय आहे. निजामशाहीच्या वजिराच्या वाड्याजवळ मुली वह्या घेऊन तासाला जातात, हे पाहून मला फार बरे वाटले. जुन्या वास्तूचा याहून चांगला उपयोग कोणता? परंतु महालातले सामान, गालिचे, भांडी, हिशेबाच्या वह्या यांचा तेथे मागमूस नाही.

तिसरा ‘सोनेरी महाल’. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या एका बुंदेल्या सरदाराने तो पहाडसिंगपुऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी बांधला. आतील भिंतींवर सोन्याच्या पाण्याने चित्रकाम केलेले होते, त्यावरून हे नाव पडले. येथे राज्य पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. म्हणजे महाल आणि संग्रहालय एकाच छताखाली आले. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथे मांडलेल्या मूर्ती व भांडी या महालातील नव्हेत. त्या निरनिराळ्या ठिकाणांहून येथे आणलेल्या आहेत. महालाच्या कमानीखाली ठेवलेली मूर्ती पाहून ती त्या सरदाराची होती असे समजणे म्हणजे धर्मशाळेत उतरलेल्या प्रवाशाला घरमालक समजण्यासारखे आहे.

या तिन्ही ठिकाणांहून एकच विचार मनात आला. आपल्याकडे महाल आहेत त्यांत वस्तू नाहीत, आणि वस्तू आहेत त्यांच्याभोवती त्यांचे घर नाही. दोन्ही जोडण्याचे काम पाहणाऱ्याला करावे लागते.

नेपल्सचे राजवाडे

हे आपल्याकडेच घडले काय? इटलीच्या दक्षिण भागातील काम्पानिया प्रांताचा इतिहास वाचला म्हणजे कळते की तसे नाही. नेपल्स ही तेथील राजधानी. तेथे बोर्बन घराण्याचे राज्य होते. या घराण्यातील राजा चार्ल्स याने १७३८ मध्ये नेपल्सच्या टेकडीवर कापोदिमोंते हा राजवाडा बांधावयास घेतला आणि १७५२ मध्ये कासेर्ता येथे त्याहूनही विशाल राजवाड्याची पायाभरणी केली. कासेर्ताच्या राजवाड्यात सुमारे १,२०० दालने आहेत. वास्तुशिल्पी होता लुईजी वान्वितेल्ली. कापोदिमोंते आज चित्रांचे मोठे संग्रहालय आहे.

याच राजाच्या काळात जमिनीखालून दोन गावे वर येऊ लागली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही रोमन गावे राख व चिखल यांखाली गाडली गेली होती. हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. परंतु त्या काळचे उत्खनन म्हणजे राजाच्या संग्रहासाठी वस्तू काढणे. घरांच्या भिंतींवरील सुंदर चित्रे चौकोनी कापून काढण्यात आली आणि पोर्तिची येथील राजवाड्यात नेण्यात आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा सारा संग्रह नेपल्स शहरातील संग्रहालयात हलविला गेला. तेच आजचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय.

परिणाम असा की आज पॉम्पेईचे एखादे घर पुरते पाहावयाचे तर दोन ठिकाणी जावे लागते. घर पॉम्पेईत, चित्र नेपल्समध्ये. १८३१ मध्ये तेथील एका मोठ्या घराच्या जमिनीवर रंगीत खड्यांनी रचलेले सिकंदर आणि दारियस यांच्या लढाईचे भव्य चित्र सापडले. मूळ चित्र आज नेपल्सच्या भिंतीवर आहे. पॉम्पेईतील त्या घरात त्याची प्रतिकृती बसविलेली आहे. अर्थात चित्रे हलविल्यामुळे ऊन-पावसापासून ती वाचली हेही खरे. मात्र कोणते चित्र कोणत्या घरातून आले याची नोंद जेथे राहिली तेथेच घर आणि चित्र पुन्हा जोडता आले. नोंद नसलेले चित्र नुसतेच सुंदर राहिले.

पॉम्पेईची बाई आणि तेरची बाई

इतके वाचल्यावर कोणी विचारील, धारूरच्या मुलीला नेपल्सशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, कारण त्या संग्रहालयात आपल्या बाजूची एक बाई उभी आहे.

१९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माय्युरी यांना पॉम्पेईतील एका घरात एक हस्तिदंती मूर्ती सापडली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर. उभी स्त्री, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, गळ्यात व कमरेला दागिने, दोन्ही बाजूंना लहान दासी. ती रोमन नाही हे पाहताक्षणी कळते. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ असे नाव मिळाले. मात्र ती लक्ष्मीपेक्षा यक्षी असावी असे अनेक विद्वानांचे मत आहे. मूर्तीत उभे छिद्र आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा वा मेजाचा भाग असावी, असे तर्क झाले आहेत. ज्या घरात ती मिळाली त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे म्हणतात. ७९ साली गाव गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्यापूर्वीची हे निश्चित. पत्ता ठाऊक असल्याचा हा फायदा! पत्त्यामुळे वय कळले.

आता तिची बहीण पाहू. आमची दुसरी सहल तेरची होती. धारूरहून केज, कळंब, ढोकी असे एस. टी. ने गेले की पुढे तेर. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले हे गाव आपल्याला संत गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्याही सुमारे बाराशे वर्षे आधी हे मोठे व्यापारी नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि ‘तगर’ या दोन नगरांचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, असे तो लिहितो. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये दाखवून दिले.

तेरचे वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. ते कोणी राजे नव्हते, सरदार नव्हते. गावातले एक व्यापारी. गावाच्या आसपासच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात जे वर येई, शेतकऱ्यांना नांगरताना जे मिळे, ते त्यांनी आयुष्यभर जमा केले. वस्तूंची संख्या हजारांत गेली. पुढे हा संग्रह शासनाकडे आला. नेपल्सचा संग्रह राजाने राजवाड्यात भरविला, तेरचा एका दुकानदाराने आपल्या घरी. मला यात दुकानदार मोठा वाटतो. राजापाशी फौज होती, मजूर होते. लामतुऱ्यांपाशी होती ती नजर आणि चिकाटी.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. पॉम्पेईच्या मूर्तीच्या निम्म्याएवढी, वीतभरही नाही. पण तेच उभे राहणे, तसाच दागिन्यांचा साज. दोघी एकाच परंपरेतील आहेत हे सांगावयास विद्वान लागत नाही. मूर्तीजवळच पांढऱ्या मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. पुढचा साचा आणि मागचा साचा असे दोन साचे घेऊन, दोन अर्धे जोडून त्या केलेल्या. बाजूने निरखून पाहिले की सांधा दिसतो. रोमन धाटणीचे मातीचे दिवे आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, मणी आहेत. राजाचे सिंहासन नाही. जे आहे ते कुंभाराचे, मणेराचे, दंतकाराचे आणि बांगड्या भरणाऱ्या बायांचे आहे.

तेथे मी सर्वांत अधिक वेळ थांबले. त्याचे कारण सांगते. माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ असा हिशेब असतो. मुकादमाच्या वहीत उचल कोयत्याच्या नावे पडते. आईचे नाव त्या वहीत नाही, तिचा अर्धा कोयता आहे. आमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू म्हणजे आजीचे जाते. आमच्या घरात महालाची आठवण नाही, सनद नाही, तलवार नाही. शाळेत इतिहासाचे पुस्तक वाचताना हा सारा दुसऱ्यांच्या घरचा हिशेब आहे असे वाटे. तेरच्या बाहुलीवरील सांधा पाहिला आणि प्रथमच वाटले की इतिहासात हाताने काम करणाऱ्याचीही जागा आहे. फक्त त्याचे नाव लिहून ठेवलेले नाही.

मात्र क्वचित नावही सापडते. मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी, हे कोरीव काम केले असे त्यात म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी एकत्र येऊन आपली ओळख दगडावर कोरून ठेवली. कोणाच्या वहीवर ते अवलंबून राहिले नाहीत.

उत्खननात मिळालेले आणि वेचलेले

येथे अभ्यासाच्या दृष्टीने एक भेद समजून घेतला पाहिजे. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले. देव आणि गुप्ते या प्राध्यापकांनी त्याचा अहवाल लिहिला. तेथेही हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला आणि त्याचे पॉम्पेईच्या मूर्तीशी विलक्षण साम्य आढळले. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, या मताला बळ आले. दुसरा पक्षही आहे. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर असल्यामुळे काहींची नजर वायव्येकडे जाते. वाद मिटलेला नाही. पण वाद घालता येतो तो भोकरदनची मूर्ती कोणत्या थरात, कशाबरोबर मिळाली याची नोंद आहे म्हणून.

उत्खननात वस्तू थरासह मिळते. खालचा थर जुना, वरचा नवा. शेजारी नाणे असेल, खापर असेल, जळके धान्य असेल, तर तिचे वय ठरविता येते. वेचलेल्या वस्तूचा थर गेलेला असतो. निदान गाव आणि शेत ठाऊक असले तरी पुष्कळ सांगता येते. लामतुऱ्यांच्या संग्रहाचे मोल यामुळेच आहे की तो तेरचा आहे आणि तेरमध्येच आहे. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून असेच शासकीय संग्रहालय उभे राहिले. याउलट शहरातील दुकानात पोहोचलेल्या वस्तूवर किंमत असते, पत्ता नसतो.

यावरून संग्रहालयात गेल्यावर प्रत्येक वस्तूला कोणते प्रश्न विचारावेत ते ठरविता येते. ती कशाची आहे? कशी केली? कोठे मिळाली? कोणी वापरली असेल? आणि येथे कशी आली? महाल पाहताना याच्या उलट दिशेने जावे. येथे काय काय असले पाहिजे होते? पाणी कोठून येई? स्वयंपाक कोठे होई? कामाची माणसे कोणत्या दाराने आत येत? एवढे प्रश्न घेऊन गेले तर रिकामा महालही बोलू लागतो.

आपले धारूर

आता घराकडे वळू. बालाघाटाच्या कडेवरील आपला किल्ला १५६७ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने बांधला. निजामशाहीच्या सरहद्दीवर हे ठाणे हवे होते. १५६९ मध्ये मुर्तजा निजामशहाने चालून येऊन किल्ला घेतला व त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये शहाजहानच्या काळात मोगल सेनापती आजमखानाने तो जिंकला आणि धारूरला ‘फतेहाबाद’ असे नाव मिळाले. मोगलांच्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव म्हणून ‘फतेहाबाद धारूर’ असे येते. म्हणजे आपल्या गावाचे नाव रुपयावर छापले जात होते! ही नाणी अभ्यासावयाची तर आपल्याला दूरच्या संग्रहांकडे पाहावे लागते.

किल्ल्यात आज तटबंदी आहे, बुरूज आहेत, पाण्याची तळी आहेत, पडक्या इमारतींची जोती आहेत. आपण तेथे काय करतो? सुट्टीत फिरावयास जातो, सीताफळे खातो, भिंतीवर नाव कोरतो. ज्या भिंतीवर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव नाही, तिच्यावर आपले नाव खिळ्याने कोरण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणि शिवारात सापडणाऱ्या वस्तूंचे काय? पावसाळ्यानंतर बांधाकडेला एखादे काळे पडलेले नाणे, मणी, नक्षीचे खापर दिसते. मुले खेळून टाकून देतात. तांब्याचे असेल तर मोडीत जाते. किलोच्या भावाने गेलेल्या नाण्याबरोबर आपल्या गावाच्या इतिहासाची एक ओळ जाते. कायदाही आपण समजून घेतला पाहिजे. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत मिळालेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी रीतीने परदेशी नेण्यास बंदी आहे. सापडलेली वस्तू घासूनपुसून लख्ख करू नये, कारण घासण्याने तिच्यावरील खुणा जातात. ती कोठे, किती खोल, कशाजवळ मिळाली हे त्याच दिवशी लिहावे, आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, धारूरला संग्रहालय व्हावे ही मागणी आपण जरूर करावी. पण इमारत होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. इतिहास विभागात एक नोंदवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. वस्तू घरीच राहू द्यावी. वहीत फक्त तिचे वर्णन, माप, सापडल्याचे ठिकाण, कोणी घडविली, कोणी वापरली, कोणी सांगितले आणि तारीख एवढे लिहावे. कुणबिणीची मोघण, कुंभाराचे फळे, लोहाराची भाती, सोनाराचा चिमटा, वैदूचा बटवा, सारे त्यात येऊ द्यावे. वापरणारी माणसे अद्याप हयात आहेत तोवरच हे लिहून होईल. जुन्या राजांची नोंद ठेवणारे पुष्कळ झाले. आपल्या आयांची आणि आज्यांची नोंद आपण शिकलेल्या मुलांनी नाही ठेवली तर कोण ठेवणार?

माझ्यापुरती मी सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर आईचा कोयता आहे : लोखंडी पाते, बाभळीची मूठ, धारूरच्या लोहाराने घडविलेला, आठ हंगाम वापरलेला. वापरणाराचे नाव या रकान्यात आईचे पूर्ण नाव लिहिले आहे.